सव्वापाच किलोचे महोदय

७ सप्टेंबर २०२५, रविवार

काल विसर्जनाच्या मिरवणुकांमागे दिवसभर उभी होते. पाय अजून माझ्याशी बोलत नाहीत. आज कोलशेतला डेनिसकडे गेले ती नुसती तब्येत विचारायला, आणि परत आले ती ॲल्युमिनियमची पेटी घेऊन. रिक्षावाल्याने विचारलं, "मॅडम, आत तबला आहे का?" मी हो म्हणाले. 

आत भिंग आहे. चारशे मिलिमीटर, टू पॉइंट एट. ज्याला कळतं त्याने इथे थांबून श्वास घ्यावा. ज्याला कळत नाही त्याच्यासाठी (म्हणजे कालपर्यंतच्या माझ्यासाठी): मैदानापलीकडचा माणूस यातून समोर बसल्यासारखा दिसतो. इतर लांब भिंगं जिथे अंधाराला शरण जातात तिथे हे आरामात पाहतं, कारण याचं तोंड नाश्त्याच्या बशीएवढं आहे. बरोबर कॅमेराही दिलाय, पण त्याच्याबद्दल कोण लिहितो. हत्तीबरोबर माहूत आला.

डेनिस आमच्या पेपरचा क्रीडा छायाचित्रकार. सात वर्षांपूर्वी निवृत्त झाला. त्याच्यामागोमाग ते पदच निवृत्त झालं आणि आम्हा वार्ताहरांना सांगण्यात आलं की मोबाइल आहेत ना. आता त्याचे हात थरथरतात.

"पंडित," तो म्हणाला. मी संस्कृतची एम. ए. आहे हे त्याने सव्वीस वर्षं मला माफ केलेलं नाही. "भिंग वापरलं नाही तर त्याला बुरशी धरते. पुण्याचा एक माणूस मागतोय, काचेच्या कपाटात ठेवायला. तुला पायजे?"

मी "पायजे" म्हणाले. इतकं अशुद्ध मी इतक्या मनापासून कधी बोलले नव्हते.

अट अशी. आंबिवलीला एका पत्र्याच्या शेडमध्ये मुली कबड्डीचा सराव करतात. तिथे उजेड बेताचा, म्हणून भिंगाची परीक्षा तिथेच. दर शनिवारी जायचं, मैदानाच्या या टोकावरून फोटो काढायचे. जवळ जायचं नाही, नावं विचारायची नाहीत, कोणी पाठवलं ते सांगायचं नाही. रविवारी फोटो त्याला दाखवायचे. चौथ्या रविवारपर्यंत त्याला पटेल असा एक निघाला तर भिंग माझं. नाही तर पुण्याच्या कपाटाचं.

"नावं का नाही विचारायची?"

"तुला बातमी करायचीय की फोटो?"

उत्तर बिनतोड वाटलं.

निघताना भिंतीवरचा त्याचा प्रसिद्ध फोटो पुन्हा पाहिला. २०१४ची राज्य स्पर्धा. हरलेल्या संघाची कर्णधार मातीत बसून रडतेय, आणि मागे जिंकलेल्या मुलींचा नुसता पिवळा धूर. त्या वर्षीचं बक्षीस यालाच मिळालं होतं. मी नेहमीप्रमाणे म्हणाले, "पार्श्वभूमी काय विरघळलीय." त्याची बायको ॲनी नेहमीप्रमाणे कपबश्या उचलून आत गेली.

८ सप्टेंबर, सोमवार

सासूबाई: "पितृपक्षात नवी वस्तू आणलीस?"

मी: "नवी नाही हो, वीस वर्षं जुनी आहे."

सासूबाई: "म्हणजे पितृपक्षात जुनी वस्तू आणलीस."

या मुद्द्याला शास्त्रात उत्तर असेल, मला आठवलं नाही. त्यांच्या ताणकाट्यावर वजन केलं: सव्वापाच किलो. "देवेश जन्मला तेव्हा याच्या निम्मा होता," त्या कौतुकाने म्हणाल्या. देवेश, म्हणजे त्यांचा मुलगा आणि माझा नवरा, समोर पेपर वाचत होता. त्याने मान वर केली नाही.

एवढ्या वजनाला एकेरी हाक मारणं बरं दिसेना. नाव ठेवलं, महोदय. संस्कृतात दोघांसाठी वेगळं वचन असतं. तेवीस वर्षं ते मी देवेशसाठी राखून ठेवलं होतं. आज पहिल्यांदा मनात 'आम्ही दोघं' म्हटलं आणि त्यात तो नव्हता.

१० सप्टेंबर, बुधवार

आज सरावासाठी महोदयांना घेऊन उड्डाणपुलावर उभी राहिले आणि खाली चाललेल्या, किंबहुना न चाललेल्या, रस्त्याच्या कामावर त्यांना रोखलं. चार कामगार फावड्यांवर हनुवट्या टेकून उभे होते. एकाने वर पाहिलं. मग चौघांनी. मग चौघंही असे काही खणायला लागले की मला भीती वाटली, पाइप फोडतील. दहा मिनिटांत ठेकेदाराचा फोन. "मॅडम, ते काय लावलंय तुम्ही? शुक्रवारपर्यंत देतो ना करून."

सव्वीस वर्षं मी या लोकांना शब्दांनी हलवू पाहत होते.

१४ सप्टेंबर, रविवार

काल आंबिवली. महोदय एका दांडीवर उभे, मी त्यांच्यामागे वाकलेली. लांबून पाहणाऱ्याला बाई कंबरदुखीने बसली की काय वाटावं. शेडमधल्या मुलींनी लगेच पाहिलं. एक ओरडली, "ताई, बाई पाइप घेऊन आलीय." त्यांची ताई, म्हणजे प्रशिक्षक, मागच्या खांबापाशी उभी होती. पिवळा टी-शर्ट. ती बराच वेळ माझ्या दिशेने पाहत राहिली. मग खेळाकडे वळली.

आणि मग मी डोळा लावला. काय सांगू. चढाईला आलेल्या मुलीच्या भुवईवरचा घाम मोजता येत होता. महोदयांना हातभर जागा तेवढी स्पष्ट दिसते. तिच्या पुढचं-मागचं सगळं लोणी. खांब लोणी, भिंत लोणी, ताई म्हणजे लोण्यातला पिवळा ठिपका. मी एकटीच हसत होते.

आज डेनिसने फोटो एकेक करून पाहिले. डोळ्याला घड्याळजीची बारीक काचही लावली.

"मागे काय आहे, दिसत नाय."

"तेच तर सौंदर्य आहे."

"सौंदर्य," तो म्हणाला, आणि पुढचा उचलला. नापास.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सोसायटीच्या फळ्यावर सूचना: 'गच्चीवर तोफ अथवा तत्सम वस्तू लावू नये.' काल मी गच्चीवरून समोरच्या इमारतीतल्या मोगऱ्यावरची कीड पाहिली आणि मालकीणबाईंना फोन करून औषधही सुचवलं. मला वाटलं होतं, त्या आभार मानतील.

२१ सप्टेंबर, रविवार

दुसरा रविवार. दुसऱ्यांदा नापास, आणि यावेळी माझा स्वाभिमान जरा दुखावला, कारण फोटो उत्तम होते. क्रमांक सातची मुलगी पकडीतून निसटताना हवेत आडवी. खेळाच्या पानाचा संपादक पाहील तर रडेल. डेनिस म्हणतो, "टू पॉइंट एट सोड, तोंड बारीक कर, एटवर ठेव, मागचं उघडेल." मी म्हणाले, तोंड एवढं बारीक केलं तर त्या शेडमध्ये अंधाराचा फोटो येईल, आणि मग टू पॉइंट एट कशाला मिरवायचं? हे मला तीन आठवड्यांपूर्वी ठाऊक नव्हतं, पण मी ते त्यालाच ऐकवलं.

"ते मागचं पिवळं," तो म्हणाला, "बसलेलं असतं की उभं?"

"उभं."

"पूर्ण वेळ?"

"दोन तास. एकाच खांबापाशी. एकच टी-शर्ट आहे की काय कोण जाणे, दोन्ही शनिवारी तोच."

"म्हणजे गुडघा बरा असेल," तो पुटपुटला. कोणाचा ते कळलं नाही. त्याचा तर दुखत असतो.

विषय बदलायला म्हणाले, नवरात्रात पेपरात घराघरांतल्या स्त्रियांचे फोटो द्यायचेत, महोदयांकरवी सासूबाईंचाच काढते. डेनिस एकदम ताठ. "घरच्या माणसाचा फोटो पेपरात द्यायचा नाय. मी बत्तीस वर्षं पाळलंय."

"पाळलंस," ॲनी दारातून म्हणाली. "फार पाळलंस तू."

म्हाताऱ्या जोडप्यांच्या बोलण्याला सूर असतो, अर्थ नसतो, असं मी मनात नोंदवलं.

२८ सप्टेंबर, रविवार

काल शेडवर पावसाचा एवढा आवाज की पंचांची शिट्टी ऐकू येत नव्हती. मी शेजारच्या टपरीच्या ताडपत्रीखाली. महोदयांना माझा रेनकोट, मला काही नाही. देवेश स्कूटरवर घ्यायला आला तेव्हा म्हणाला, "तुला ताप आला तर ते तुला काढा करून देणार आहेत का?" त्याने 'ते' म्हटलं याची मी प्रेमाने दखल घेतली.

एक गंमत. चढाई सुरू होण्याआधी ती ताई खांबावर दोन बोटांनी टकटक करते. आपला डेनिस फोटो घेण्याआधी भिंगावर करायचा तसंच. क्रीडाक्षेत्रातली पद्धत दिसते.

तिसऱ्यांदा नापास. आता मात्र मी विचारलं, "डेनिस, तुला नक्की काय पाहिजे? फोटो पाहिजे, की भिंग न द्यायला कारण?" त्याने सगळे फोटो नीट रचून पाकिटात घातले, पण पाकीट मला परत दिलं नाही. मागच्या दोन वेळचेही त्याच्याकडेच आहेत. नापास झालेल्या उत्तरपत्रिका जपून ठेवणारा परीक्षक मी पहिल्यांदाच पाहिला.

जिन्यापर्यंत ॲनी आली. "पुढच्या वेळी जरा मागे बघ गो," म्हणाली. मी मागे पाहिलं. जिना होता.

महोदय जाणार, असं आज पहिल्यांदा वाटलं. जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण उशिरा.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

लिहायला हात धजत नाही. सकाळी अंघोळ करून आले तर पाटावर विळी, स्क्रू-ड्रायव्हर, देवेशचा लॅपटॉप आणि मधोमध महोदय, उभे, बशीएवढं तोंड वर करून. आणि त्या काचेवर, बरोबर मध्यभागी, हळद, कुंकू, अक्षता. ओलं बोट फिरवून रेखीव स्वस्तिकसुद्धा.

"हत्यार म्हणजे हत्यार," सासूबाई म्हणाल्या. "तुझं पोट त्याच्यावर आहे." वर झेंडूचं फूल.

त्या काचेला मी पंचवीस दिवसांत श्वासही लागू दिला नव्हता. कोरडं पुसलं तर चरे पडतील, ओलं पुसलं तर कुंकू पसरेल. डेनिसला फोन केला आणि कबुली दिली. पलीकडून मग आवाज आला, तो हसत होता. मी त्याला सात वर्षांत हसताना ऐकलं नव्हतं.

"अक्षता फुंकून टाक. बाकी राहू दे, मी बघीन नंतर."

"अरे, पण परवा अंतिम सामना आहे. फोटोत कुंकू येईल."

"नाय येणार. चार मीटरच्या आतलं काय पण त्याला दिसत नाय, पंडित. एकदम नाकासमोर असलं तर नायच नाय."

फार उपयुक्त माहिती. भिंगाच्या पेटीच्या झाकणावर लिहून ठेवली.

४ ऑक्टोबर, शनिवार

विठ्ठलवाडीला जिल्हा पातळीवरची अंतिम लढत, दुपारी चारला, भरपूर गर्दी. मैदान परवाच्या पावसाने मऊ. मी कोपऱ्यात, महोदय स्वस्तिकासह सज्ज. लोक त्यांच्याकडे वळून वळून पाहत होते; एका आजोबांनी नमस्कार केला, कुंकू पाहून.

सत्तावीस-सत्तावीस. शेवटची चढाई. क्रमांक सात, लाउडस्पीकरवरून कळलं, तिचं नाव करिश्मा. खांब नव्हता म्हणून पिवळ्या ताईने स्वतःच्याच मनगटावर दोन बोटं वाजवली. करिश्मा गेली, स्पर्श केला, तिघींनी पाय धरले, आणि ती मध्यरेषेकडे हात लांबवत पडली. बोट रेषेवर टेकतंय त्याच क्षणी मी दाबलं.

आणि त्याच क्षणी महोदयांची दांडी चिखलात वीतभर खचली.

त्या क्षणाचा एकच फोटो मिळाला. जिंकणारी करिश्मा म्हणजे समोर एक तांबडा डाग. भिंगाने तिला ओलांडून थेट मागे जाऊन पकडलं त्या ताईला. तिची एकेक पापणी मोजावी. कानामागे पांढऱ्या केसांची बट, मुठीत अंगठा, तोंड अर्धवट उघडं, जिंकलो हे अजून न पटलेलं. वर्षभरातली सगळ्यात मोठी चढाई, आणि मी प्रेक्षकाचा फोटो काढला.

आनंदाने मुली एकमेकींवर कोसळत होत्या आणि मी कोपऱ्यात उभी राहून एका नळकांड्याचा निरोप घेत होते. बावन्न वर्षांच्या बाईने.

५ ऑक्टोबर, रविवार

चौथा रविवार. एकतीस फोटो नेले. तो बिघडलेला सगळ्यांत खाली ठेवला. टाकूनच देणार होते, पण खोटं बोलायची सवय बातमीत नाही, फोटोत कशाला लावून घ्यायची.

डेनिसने तीस फोटो 'हं' म्हणून बाजूला केले. मी पुण्याच्या कपाटाची कल्पना करत होते, आत दिवा असेल का वगैरे. मग 'हं' आला नाही.

वर पाहिलं. शेवटचा फोटो त्याच्या हातात होता. हात थरथरत होता, म्हणून त्याने तो टेबलावर ठेवला आणि दोन्ही तळव्यांनी कडा दाबून धरल्या. बारीक काच शेजारीच होती. उचलली नाही.

"दांडी खचली," मी म्हणाले. "फोकस मागे गेला. चूक झाली."

"ॲनी," त्याने हाक मारली. ॲनी आली, हाताला पीठ. तिने पाहिलं आणि खुर्चीच्या पाठीला धरलं.

"केस पिकले गो," डेनिस म्हणाला.

"तुझे काय काळे राहिलेत?"

 मला वाटलं, आता मी उठावं, पेटी इथेच ठेवावी. पेटीवरून एकदा हात फिरवला. तेव्हा डेनिस म्हणाला, "घेऊन जा. तुझं झालं."

"हा फोटो पटला? हा?"

"एवढ्या वर्षांत या भिंगातून आलेला सगळ्यात चांगला." मग म्हणाला, "पुढच्या रविवारी सराव असतो काय? मी पण येतो."

"तुझे हात..."

"हातांचं काय काम आहे तिथे?"

महोदय माझे. रिक्षात पेटीला मिठी मारून बसले. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, क्लास लागला वाटतं तबल्याचा." मी म्हणाले, पास झाले. ॲनी फुग्यांचं, म्हणजे त्यांच्याकडच्या तळलेल्या गोल पावांचं, पीठ आंबवायला लागलीय, अख्ख्या संघाला पुरतील एवढे. म्हातारा-म्हातारी कबड्डीचे एवढे शौकीन असतील असं कधी वाटलं नव्हतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

लाज वाटते, पण दैनंदिनी आहे, लिहायला हवं.

सकाळी आम्ही तिघं आणि महोदय आंबिवलीला पोचलो. डेनिस मैदानाच्या या टोकाला, माझ्या नेहमीच्या जागी, उभा राहिला आणि पुढे जाईना. शेडमध्ये खेळ थांबला. पिवळी ताई खांबापासून निघाली आणि मैदान ओलांडून सरळ आमच्याकडे आली. मला वाटलं, आता विचारणार, कोणाच्या परवानगीने.

ती डेनिससमोर थांबली. "हॅलो, डॅडी."

"हॅलो, टान्या."

मी सव्वीस वर्षं बातमीदार आहे.

मग हळूहळू सगळं कळलं. म्हणजे ॲनीने फुग्यांचा डबा उघडता उघडता सांगितलं. २०१४चा तो पिवळा धूर म्हणजे टान्याचा संघ. ती कर्णधार. राज्य जिंकलं, आणि वडिलांनी दुसऱ्या दिवशी पेपरात छापला हरलेल्या कर्णधाराचा फोटो, कारण घरच्या माणसाचा द्यायचा नाही. वर बक्षीस मिळालं, वर तो भिंतीवर लावला. टान्या घरातून गेली ती गेलीच. त्यानंतर गुडघा मोडला, लग्न केलं, शेड उभी केली. अकरा वर्षं.

"पण तुला कसं कळलं मी कोणाकडून आले?" मी टान्याला विचारलं.

"त्या पेटीवर बसून दहावीचा अभ्यास केलाय मी. ते भिंग लांबून नाही ओळखणार?" मग ती माझ्याकडे वळली, आणि आवाजात अकरा वर्षांचा नव्हे, चार आठवड्यांचा राग होता. "मॅडम, दर शनिवारी तोच टी-शर्ट घालून त्याच खांबाला चिकटून उभी राहते मी. मोडका गुडघा घेऊन, दोन-दोन तास. आणि तुम्ही दर वेळी मला पुसून टाकता?"

मागे करिश्मा म्हणाली, "आम्हाला पण सांगितलेलं, ताई आणि पाइपच्या मधे यायचं नाय." म्हणजे मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. टपरीवाल्यालाही असावं, तो हसत होता.

मी म्हणाले, उभे राहा दोघं, फोटो काढते. डोळा लावला तर नुसता धूर. चार मीटरच्या आत होते. मी मागे सरले. आणखी सरले. टपरीच्या बाकड्यावर आपटले. आता दिसले, पण टान्या स्पष्ट तर डेनिस लोणी, डेनिस स्पष्ट तर टान्या लोणी.

"एका रेषेत या," मी ओरडले. "कोणीतरी अर्धं पाऊल सरका."

"तिला सांग."

"त्यांना सांगा."

मुली, ॲनी, टपरीवाला, सगळे पाहत होते. ॲनीने एक फुगा तोंडात टाकला आणि चावत राहिली. ती मध्ये पडणार नव्हती. महोदय माझ्या हातात जड व्हायला लागले.

डेनिसने थरथरता हात वर केला आणि शेजारच्या फुटबॉलच्या गोलखांबावर दोन बोटं वाजवली. टक, टक. मग अर्धं पाऊल पुढे सरकला.

मी दाबलं. दोघंही स्पष्ट. टान्या हसतेय, म्हातारा कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून तिच्या केसांकडे बघतोय.

"हा पेपरात द्यायचा नाय," तो म्हणाला.

टान्याची मान वळली. ॲनी चावायची थांबली.

"आतल्या पानात तर नायच," डेनिस म्हणाला. "पयल्या पानावर देत असशील तर दे."